सज्ञान पण निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसाचे कायदेशीर पालकत्व कसे मिळवावे

मृग नक्षत्र लागण्याआधी पीककर्जाचे नूतनीकरण करायचे असते, आणि ज्यांच्या नावावर सातबारा आहे ते घरातले मोठे बाबा मेंदूतील रक्तस्रावानंतर तीन महिन्यांपासून खाटेवर पडून असतात. डोळे उघडतात, पण कोणाला ओळखत नाहीत. सोसायटीचा सचिव सही मागतो, बँकेचा अधिकारी खातेदाराला समोर आणायला सांगतो, आणि मग जवळचाच कोणीतरी सल्ला देतो की शाईची डबी घरी न्या आणि अंगठा घेऊन टाका. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी असे एकतरी कुटुंब माझ्याकडे येते. त्यांना मी सगळ्यात आधी एवढेच सांगतो की ती डबी घरात नेऊ नका. ज्याला आपण काय करतो आहोत हे कळत नाही, त्याचा अंगठा कागदावर उमटला तरी त्याचा करार होत नाही, कारण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ आणि १२ प्रमाणे करार करणाऱ्याला करार करतेवेळी त्याचा अर्थ समजावा लागतो आणि आपल्या हिताचा विचार करता यावा लागतो. शिवाय अंगठा घेणारा मुलगा किंवा पुतण्या पुढे बनावट दस्ताच्या फौजदारी प्रकरणात सापडू शकतो, आणि तक्रार करणारी व्यक्ती परकी नसते, त्याची सख्खी बहीण असते.

या अडचणीतून निघण्याचा सरळ मार्ग म्हणजे सज्ञान व्यक्तीचे कायदेशीर पालकत्व. याविषयी मोबाइलवर शोधले तर बहुतेक वेळा अमेरिकेची माहिती पुढे येते. तिथे प्रत्येक राज्याचा आपापला कायदा आहे, आणि अनेक राज्यांत माणसाच्या देखभालीसाठी ‘गार्डियन’ व त्याच्या पैशाअडक्यासाठी ‘कॉन्झर्व्हेटर’ अशी न्यायालयाने नेमलेली दोन वेगळी पदे असतात. ती माहिती घेऊन आपल्या न्यायालयात काहीही साधत नाही. आपल्याकडे सगळ्यांना लागू पडेल असा एकच कायदा नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा फक्त अज्ञान मुलांसाठी आहे, आणि सातबाऱ्यावर दिसणारा ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता हा शेराही अठरा वर्षांखालील खातेदारासाठीच असतो. अठरा पूर्ण झालेल्या माणसासाठी त्याच्या स्थितीनुसार तीन निरनिराळी दारे आहेत. चुकीच्या दारापुढे वर्ष-दीड वर्ष घालवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून कोणते दार कोणासाठी आहे हे या लेखात सविस्तर सांगतो.

मुखत्यारपत्राचा गैरसमज

गावात सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की कुलमुखत्यारपत्र नोंदवलेले असले म्हणजे पुढे काही करावे लागत नाही. हे खरे नाही. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र लिहून देणारा मरण पावला किंवा त्याचे मन ठिकाणावर राहिले नाही, की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद जपून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. कलम २०९ प्रमाणे मुखत्याराने त्यानंतर त्या माणसाच्या हिताचे रक्षण करण्यासाठी वाजवी ती पावले उचलायची असतात, परंतु त्याचा अर्थ वावर विकणे असा होत नाही.

हे मी आमच्याच घरात शिकलो. माझ्या मोठ्या बाबांनी धडधाकट असताना थोरल्या मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. पुढे त्यांना अर्धांगवायूचा मोठा झटका आला, ते शुद्धीवर आले नाहीत, आणि दवाखान्याचे बिल भागवण्यासाठी माझ्या चुलतभावाने त्या कागदाच्या आधारे दोन एकर विकले. मी त्या वेळी नुकती सनद घेतलेला वकील होतो, आणि मुखत्यारपत्र आहे म्हणजे काम चालेल असे मीच त्याला सांगितले होते. त्याच्या बहिणीने दावा दाखल केला. पैसा खरोखरच औषधपाण्यावर गेला होता, हे तिलाही ठाऊक होते, पण विक्रीचा अधिकारच उरलेला नव्हता हे तिचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. ज्याने जमीन घेतली तो शेजारचा कास्तकार, बहीण आणि भाऊ असे तिघेही त्या दाव्यात वर्षानुवर्षे तारखा घेत राहिले. त्या चुकीचे ओझे माझ्यावर आहे, आणि म्हणून आज मी कोणालाही मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू देत नाही.

आधी पाहावे की पालकत्व खरोखर लागते का

शरीर लुळे पडणे आणि समज जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण विचारलेले कळते आणि मान हलवून हो-नाही सांगता येते, अशा माणसाचे पालकत्व मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ४ मध्ये उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता कशी ओळखायची हे सांगितले आहे, आणि घरच्यांनी प्राथमिक अंदाज घेण्यासाठी तीच रीत वापरावी असे मला वाटते: सांगितलेली माहिती त्याला समजते का, अमुक केले तर काय होईल याची त्याला कल्पना आहे का, आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा चेहऱ्यावरून कळवू शकतो का. ही क्षमता दिवसागणिक आणि विषयागणिक बदलते. ज्या म्हाताऱ्या माणसाला आजची तारीख सांगता येत नाही, त्याला आपल्या कोणत्या लेकाकडे राहायचे आहे हे पक्के ठाऊक असू शकते. वावर विकण्याचा सगळा हिशेब त्याला पेलणार नाही, पण औषधासाठी खात्यातून दोन हजार काढावे की नाही हे तो नक्की सांगेल.

समज शाबूत असेल तर कामे पालकत्वाशिवाय होतात. सही करता न येणाऱ्या आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यावा आणि त्यांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखेत लेखी अर्ज देऊन त्या सूचनांप्रमाणे व्यवस्था मागावी. दस्त नोंदवायचा असेल आणि माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३१ प्रमाणे विशेष कारण दाखवून दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. मात्र दस्त करून देणारा माणूस वेडसर किंवा समज नसलेला दिसला तर नोंदणी नाकारण्याचे बंधन कलम ३५ ने त्याच अधिकाऱ्यावर घातलेले आहे, हे ध्यानात ठेवावे. एखाद्या चालू दाव्यापुरताच प्रश्न असेल, म्हणजे वाटणीच्या किंवा हद्दीच्या दाव्यात आपला माणूस प्रतिवादी आहे पण त्याला काही कळत नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ खाली त्याच न्यायालयात अर्ज करून दाव्यापुरता पालक किंवा वादमित्र नेमून घेता येतो. त्यासाठी पूर्ण पालकत्वाची गरज नसते.

पहिले दार : स्थानिक स्तर समिती

जन्मापासून किंवा लहानपणापासून मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आईवडील असे समजतात की आपण त्याचे पालक आहोतच. ते अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी कायद्याच्या नजरेत तो मुलगा सज्ञान असतो, आणि त्याच्या नावावर आलेली आजोबांची जमीन, भूसंपादनाचा मोबदला किंवा अपघाताची भरपाई यांच्या कागदावर आई म्हणून सही करण्याचा अधिकार आईला उरत नाही. समृद्धी महामार्गासाठी नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जमिनी गेल्या. अशा संपादनात ज्याच्या वाट्याचा मोबदला यायचा आहे तो सहहिस्सेदार असा मुलगा असेल, तर घरच्यांना या प्रश्नाला तोंड द्यावेच लागते.

या चार प्रकारच्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे, आणि तिन्ही दारांत हे सर्वांत जवळचे व कमी खर्चाचे आहे. न्यायालयात जावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बैठक घेतली पाहिजे. अर्ज आईवडील किंवा रक्ताचे, विवाहाने जोडलेले अथवा दत्तकाने झालेले नातेवाईक करू शकतात, आणि आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव पालक म्हणून सुचवू शकतात. कलम १४ समितीला दोन गोष्टी तपासायला सांगते: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामांसाठी आहे. त्यामुळे अर्जात “सर्व कामांसाठी” असे मोघम लिहिण्यापेक्षा बँकेचे खाते चालवणे, अनुदान स्वीकारणे, जमिनीचा मोबदला घेऊन त्याच्याच नावे ठेवणे, दवाखान्यातील संमती देणे अशी कामे एकेक करून लिहावीत.

अर्जाचा नमुना ‘अ’ जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याण विभागात विचारून घ्यावा. त्याच्यासोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र, वयाचा पुरावा, दोघांचे आधार कार्ड व रहिवासाचा पुरावा, आणि पालक व पाल्य यांचा एकत्र फोटो जोडावा. आई किंवा वडील यांपैकी एकानेच अर्ज केला असेल तर दुसऱ्याची संमती, आणि दुसरा हयात नसेल तर मृत्यूचा दाखला लागतो. भाऊ किंवा बहीण पालक होणार असेल तर बाकीच्या भावंडांचे लेखी म्हणणे आधीच सोबत ठेवले की बैठकीत अडचण येत नाही. पालक होऊ इच्छिणारा भारतीय नागरिक असावा, त्याच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नसावा, तो दिवाळखोर किंवा स्वतःच दुसऱ्यावर अवलंबून असलेला नसावा. पाल्य मुलगी किंवा स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालकत्व दिले जात नाही. पुरुषाला पत्नीसोबत सहपालक होता येते आणि त्यात मुख्य पालक पत्नी असते. आपल्या भागात आईवडिलांच्या पश्चात दिव्यांग बहिणीची जबाबदारी भाऊ घेतो आणि प्रत्यक्षात तिचे सगळे वहिनी करते. त्या वहिनीला कागदावरही स्थान देणारी ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

बैठकीला त्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे. मागच्या वर्षी एका आईने मला विचारले की त्याला एवढ्या दूर एसटीने नेऊन काय करू, तो काही बोलत नाही. मी नेण्याचा आग्रह धरला. समितीच्या सदस्याने त्याला विचारले की आईसोबत राहतो का, तेव्हा त्याने आईचा पदर हातात धरला, आणि त्या एका हालचालीची नोंद समितीने घेतली. बोलता येत नाही म्हणजे सांगता येत नाही असे नसते.

प्रमाणपत्र मिळाले की त्याची साक्षांकित प्रत बँकेत द्यावी. राष्ट्रीय न्यास कायद्याखालील पालकत्वाचे प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालवण्यासाठी ग्राह्य धरावे, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना असूनही एखाद्या शाखेत “न्यायालयाचा आदेश आणा” असे उत्तर मिळते. तिथे वाद न घालता नकार लेखी मागावा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा वरिष्ठांना विचारले जाते आणि काम होते.

दुसरे दार : जिल्हा न्यायालय

स्किझोफ्रेनियासारखा दीर्घकाळचा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला पहिले दार उघडत नाही, कारण राष्ट्रीय न्यास कायद्याच्या चार प्रकारांत मानसिक आजार बसत नाही. पूर्वी मानसिक आरोग्य कायदा, १९८७ खाली जिल्हा न्यायालय अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमत असे. तो कायदा रद्द होऊन मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि नव्या कायद्यात मालमत्तेच्या पालकत्वाची तरतूद नाही. त्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे, पण तो फक्त मानसिक उपचारांपुरता. त्या नात्याने सातबारा किंवा बँक खाते हाताळता येत नाही. जुन्या कायद्याची कलमे लिहिलेले अर्ज अजूनही दाखल होतात आणि परत येतात, म्हणून आपल्या वकिलाने अर्ज कोणत्या कायद्याखाली लिहिला आहे हे स्वतः वाचून घ्यावे.

आज यासाठीची तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातील एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत मानसिक आजारही मोडतो. पुरेशी मदत देऊनही एखाद्या दिव्यांग व्यक्तीला कायद्याने बांधील ठरणारा निर्णय घेता येत नाही असे जिल्हा न्यायालयाला किंवा राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या प्राधिकाऱ्याला दिसून आले, तर तिला मर्यादित पालक देता येतो. ‘मर्यादित’ हा शब्द इथे नीट समजून घ्यावा. हे पालकत्व ठराविक मुदतीसाठी, ठराविक निर्णयासाठी आणि ठराविक परिस्थितीसाठी असते, पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचा असतो, आणि तो तिच्या इच्छेला धरून असावा लागतो. ज्याला संपूर्ण आधार लागतो किंवा पुन्हा पुन्हा मर्यादित पालक द्यावा लागतो, त्याला न्यायालय पूर्ण आधारही देऊ शकते, पण त्याचा फेरविचार होत राहतो. इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही याच अर्थाने मर्यादित पालक समजले जातात, म्हणजे पहिल्या दाराने मिळालेल्या पालकत्वालाही हेच लागू आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मंजूर केला, त्याचा हा परिणाम आहे, आणि तो केवळ कागदापुरता मानू नये. गोळ्या नियमित चालू असताना चार-सहा महिने उत्तम राहणारा आणि स्वतः तूर विकून पैसे आणणारा तरुण मी पाहिला आहे. त्याचे सगळे अधिकार कायमचे भावाकडे देणे चुकीचे ठरले असते. त्याच्या बाबतीत आम्ही फक्त कर्जफेड आणि ओलिताच्या जमिनीचा ठेका, एवढेच मागितले.

या अर्जाचा कणा म्हणजे वैद्यकीय पुरावा. “रुग्ण अक्षम आहे” अशा एका ओळीच्या दाखल्याने काम भागत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञ किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील डॉक्टर यांच्याकडून लिहून घ्यावे की आजार कोणता, किती वर्षांपासून, सुधारणेची शक्यता कितपत, आणि रुग्णाला कोणत्या गोष्टी समजतात व कोणत्या समजत नाहीत. डॉक्टरांना आपण कशासाठी दाखला मागतो हे स्पष्ट सांगितले तर ते तसे लिहून देतात. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात हा अर्ज चालत नाही. जिल्हा न्यायालयातच जावे लागते.

तिसरे दार : उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ

मोठ्या बाबांसारखा जो माणूस अपघाताने किंवा झटक्याने कोमात गेला आहे, त्याच्यासाठी कोणत्याही कायद्यात थेट तरतूद नाही. ही उणीव न्यायालयांनी स्वतःच्या अधिकारात भरून काढली आहे. ज्याचे रक्षण करायला कोणी नाही त्याचे पालकत्व शेवटी राज्यसंस्थेकडे असते, या जुन्या तत्त्वावर उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली जवळच्या नातेवाइकाला पालक नेमतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातील पतीची पालक म्हणून पत्नीला मान्यता दिली. विदर्भातील अकराही जिल्ह्यांसाठी ही रिट याचिका नागपूर खंडपीठात दाखल करायची असते. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्याला गेलेल्या वृद्धांसाठीही बहुधा हाच मार्ग घ्यावा लागतो.

नागपूरचे नाव काढले की कुटुंबे घाबरतात. खर्च येतो हे खरे आहे, पण कागद आधीपासून नीट असतील तर फेऱ्या कमी होतात. याचिकेत त्या माणसाची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी उघड करावी लागतात: सातबारा आणि आठ-अ, घराचा ग्रामपंचायत नमुना ८, बँक व पोस्टाची पासबुके, सोसायटीचे कर्ज, विम्याच्या पॉलिसी, आणि कोणा खासगी सावकाराचे देणे असेल तर तेही. लपवलेली एक गोष्ट उघडी पडली की बाकीच्यांवरचा विश्वास जातो. न्यायालय सहसा डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी करवते, आणि महसूल अधिकाऱ्याला घरी पाठवून माणसाची स्थिती पाहायला सांगू शकते. म्हणून रुग्णाची रोजची निगा, औषधांच्या पावत्या आणि कोण सांभाळते याची साधी टाचणे आधीपासून ठेवावीत.

सर्वांत नाजूक कागद म्हणजे वारसांची संमती. पत्नी, सर्व मुलगे आणि सर्व मुली, सासरी गेलेल्यासुद्धा, यांची नावे याचिकेत असलीच पाहिजेत आणि त्यांचे ना हरकत शपथपत्र जोडले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तेव्हा तिला वगळून केलेली याचिका टिकत नाही. इथे एक प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहतो आणि तो मला मनापासून खटकतो: ना हरकत शपथपत्रावर सही घ्यायला बहिणीला माहेरी बोलावतात आणि त्याच कागदांत हक्कसोडपत्र घालून देतात. वडिलांच्या आजारपणात बहीण वाचून पाहत नाही. असे कोणी करू नये, आणि बहिणींनी पालकत्वाच्या शपथपत्राखेरीज दुसऱ्या कोणत्याही कागदावर त्या दिवशी सही करू नये. पालक होणे म्हणजे मालक होणे नव्हे, आणि हे शपथपत्रातच एका वाक्यात लिहून घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

याचिकेतील मागणीही मोजकी ठेवावी. खाते चालवणे, पीककर्ज घेणे व फेडणे, जमीन ठेक्याने किंवा बटईने देणे, शासकीय योजनांचे पैसे स्वीकारणे, उपचारांना संमती देणे, एवढे बहुतेक घरांना पुरते. जमीन विकायची गरज खरोखर असेल तर कोणता गट, किती क्षेत्र, अंदाजे किंमत काय आणि पैसा कशासाठी, हे सांगून तशी परवानगी स्पष्ट शब्दांत मागावी. आदेशात विक्रीचा उल्लेख नसेल तर विक्री करू नये, मग गिऱ्हाईक कितीही चांगले असो.

आदेश मिळाल्यानंतर

खरे काम इथून सुरू होते आणि नेमके इथेच दुर्लक्ष होते. आदेशाची प्रमाणित प्रत तलाठ्याकडे, ज्यांना आपल्याकडे अजून पटवारीच म्हणतात, शिवाय बँकेत आणि सोसायटीत द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १६ प्रमाणे पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची व देण्यांची यादी सादर करायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, त्या वर्षाचा हिशेब द्यायचा असतो. उच्च न्यायालय आपल्या आदेशात हिशेबाची मुदत स्वतंत्रपणे ठरवून देते. पाल्याचा पैसा घरच्या पैशात मिसळू नये. त्याच्या नावाचे वेगळे खाते ठेवून सगळी आवक-जावक तिथूनच करावी. एक वही करावी, तिच्यात कापसाची काटापावती, बाजार समितीची पट्टी, मजुरी, खत-बियाण्यांची बिले आणि औषधांच्या पावत्या तारखेने चिकटवाव्यात. घरच्या घरी वही कशाला, असे लोक म्हणतात. मी ज्या घरांत अशी वही पाहिली, तिथल्या भावंडांत पुढे भांडण झालेले मला आठवत नाही.

पालक पाल्याची आबाळ करत असेल, त्याला त्रास देत असेल किंवा त्याची मालमत्ता उधळत असेल, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था कलम १७ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून त्याला काढून टाकण्याची मागणी करू शकतात. न्यायालयाने नेमलेल्या पालकाविरुद्ध त्याच न्यायालयात जावे. आणि ज्याच्यासाठी पालक नेमला आहे तोही काही मुका साक्षीदार नाही: २०१६ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती स्वतःच्या मदतीची व्यवस्था बदलू किंवा मोडू शकते, आणि मर्यादित पालक नेमण्याच्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध तिला अपीलही करता येते.

घरात अजून सगळे ठीक असेल तेव्हा

वय झालेल्या आईवडिलांची समज शाबूत असतानाच बँक खाते “दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला” या पद्धतीचे करून ठेवावे आणि सर्व ठेवींना नामनिर्देशन द्यावे. मृत्युपत्र करायचे असेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे दोन साक्षीदारांसमोर करावे. वय फार असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. मानसिक आजाराची पूर्वीची पाळी येऊन गेलेल्या व्यक्तीला २०१७ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवता येते. दिव्यांग मुलाच्या आईवडिलांनी मूल सतरा वर्षांचे झाले की अर्जाची तयारी सुरू करावी, आणि शक्य असेल तर तरुण पिढीतील एखाद्या जवळच्या नातेवाइकाला सहपालक म्हणून आतापासूनच जोडावे, म्हणजे आईवडिलांच्या पश्चात समितीपुढे पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागणार नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकिलास पात्र आहेत. पतीसाठी अर्ज करणारी पत्नी आणि मुलासाठी अर्ज करणारी आई या तरतुदीत थेट बसतात, आणि नागपूर खंडपीठातील याचिकेसाठीही तिथल्या विधी सेवा समितीकडून वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विनाशुल्क चौकशी करता येते. पहिल्या भेटीला जाताना डॉक्टरांचे कागद, सातबारा, आधार कार्डे आणि सर्व वारसांची नावे-पत्ते लिहिलेला एक कागद सोबत न्यावा. त्या यादीत मुलींची नावे सासरच्या पत्त्यासह लिहावीत.